दहा मिनिटं

हालचाल रजिस्टरमध्ये मी लिहितो:
नागभीड. कारण – सुपरव्हिजन.
औषधांच्या खिडकीतला भोयर वाचतो, हसतो,
"तपासणी लागली का जी तुमच्यावर?"
दर दुसऱ्या शुक्रवारी तो हेच विचारतो,
दर दुसऱ्या शुक्रवारी मी नाही म्हणतो
आणि एसटी सिंदेवाहीबाहेर पडली की वाटतं,
हो म्हणायला पाहिजे होतं.

प्रभावती लांजेवार मागच्या अंगणात बसतात
गुडघ्याला एरंडाचं पान बांधून,
मांडीवरच्या सुपात लाखोळीची डाळ.
चौतीस वर्षं मनोरुग्णालयात काढली,
आता खडे काढते, म्हणतात.
माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची.
पुढचं दार बंद. रेडिओ चालू,
तो शेजाऱ्यांच्या कानांसाठी.

"नाव नको. गाव पण नको."
गाव न सांगता वाघ कसा सांगू, मॅडम?
मोहफुलं वेचायला गेलेली बाई,
पेपरात आलं होतं, फोटोसकट,
अख्ख्या तालुक्याला नाव ठाऊक आहे.
"तालुक्याला असेल. या अंगणाला नाही."
मग मी त्याला नुसतं दादा म्हणतो
आणि वही उघडतो.

वहीत शब्दाला शब्द आहे.
तो येतो, बसतो, विचारतो, "किती वाजले जी?"
मी सांगतो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो.
झोप दोन तास. जेवण म्हणजे पेज.
मरणाचे विचार: विचारलं. नाही म्हणाला.
मी नीट विचारलं, मॅडम,
आडून नाही, घाई नाही, अगदी तुम्ही सांगितलं तसं...
त्यांना एक खडा सापडतो.
"शेवट वाच."

शेवटी तो म्हणाला,
"एक चप्पल आनून देल्ली फारेष्टवाल्यानं.
एकच. तिचं का करू?"
खाली माझं अक्षर:
यावर पुढच्या मंगळवारी बोलू.

"तेव्हा किती वाजले होते?"
आता याच विचारू लागल्या.
तीन चाळीस.
"वेळ कुठवर होती?"
तीन पन्नास.
"बाहेर कोणी थांबलं होतं?"
नव्हतं.
"तुझी बस?"
साडेपाचची.

रेडिओवर धानाचे भाव सांगून झाले.
त्यांनी सूप खाली ठेवलं.
"ती दहा मिनिटं आत्ता बसू."

बसलो.
कोंबडी सुपापर्यंत आली, आम्ही हाकलली नाही.
मी नखं पाहिली, वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला.
माझी बायको, म्हणालो, आणि थांबलो.
माझी बायको सकाळी साडेसहाला
आश्रमशाळेत जाते, स्कुटीवर,
त्याच रस्त्यानं.
हे मला ठाऊक होतं.
हे मला ठाऊकच नव्हतं.

जाऊ दे, असं त्या म्हणाल्या नाहीत.
चुकलास, असंही नाही.
चष्मा पदराला पुसत म्हणाल्या,
"म्हणजे खोलीत तुम्ही तिघं होता.
मंगळवारी तिला बाहेरच्या बाकावर बसव.
हाकलू नको. बसव."

मग काळा चहा, गुळाचा.
मी धीर करून विचारलं, तुम्ही कुणाकडे जाता?
"आहे एक नागपूरला. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
फोनवर बोलते. परवा रडले."
मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाल्या,
आणि कोंबडीला आता मात्र हाकललं.

परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून
मी घरी फोन लावला.
काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.
भाजी काय करू, तिनं विचारलं.

मंगळवारी तो आला, बसला.
किती वाजले जी?
मी भिंतीवरचं घड्याळ काढलं
आणि टेबलावर ठेवलं, तोंड त्याच्याकडे करून.
मला आता फक्त त्याची पाठ दिसत होती,
सेल बसवायचा खड्डा, धूळ, कंपनीचं लेबल.

ती चप्पल, मी म्हणालो,
कोणत्या पायातली आहे?